तुम्ही विचारलंत म्हणून : घरात कोण त्रास देत होतं?

सहा वर्षं झाली तरी हा प्रश्न काय संपत नाही. हळदीकुंकवात विचारतात, गणपतीत विचारतात. परवा तर बेळगावात गणपत गल्लीत भाजी घेताना लांबच्या एका नणंदेनं बाजूला ओढून विचारलं, "खरं सांग गे, बाळंतपणात डोक्याच्या डॉक्टरकडं जायची पाळी आली म्हणजे घरात कोणतरी त्रास देत होतं न्हवं? सासू ना?" मी नाही म्हटलं की समोरच्या तोंडावर लगेच दिसतं, विश्वास बसलेला नाही. म्हणून बाळंतपणानंतर मला जे नैराश्य आलं होतं त्याबद्दल एकदाच लिहिते.

मुलगी झाली 2019 च्या जुलैत, माहेरी, खानापूरच्या बाजूला. नंतर ऑगस्टात पूर आला ते वर्ष. लंगोट वाळायचेच नाहीत, आई शेगडीवर बुट्टी पालथी घालून त्यावर वाळवायची, सगळ्याला धुराचा वास. रात्री दोन-अडीचला मी ते लंगोट मोजायचे. सव्वीस. परत मोजायचे. पंचवीस भरले की छातीत धडधड सुरू, अंधारात चाचपत बसायचे, आणि बाळ शेजारी गाढ झोपलेलं. "बाळ झोपलं की तू पण झोप" म्हणून सगळे सांगायचे, खरं बाळ झोपलं की मी टक्क जागी. आईला सांगितलं होतं मी. झोप नाही, जीव घाबरा होतो, बाळाला घेतलं तरी आतून काहीच वाटत नाही. तिनं दृष्ट काढली, टोपरं घट्ट बांधलं. बाळंतिणीला वारं लागलं तर तिला काय करायचं ते माहीत होतं, ह्याचं तिला कोणी कधी सांगितलंच नव्हतं, तिच्यावर माझा राग नाही. पहिले आठ-दहा दिवस बहुतेक बायकांना रडू येतं आणि ते आपोआप जातं, हे मला नंतर कळलं. माझं तिसऱ्या आठवड्यात सुरू झालं आणि गेलंच नाही.

नवरात्रात वडगावला सासरी आले. नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत, त्याची रात्रपाळी, शेजारी मागाची खटखट, आणि घरात मी, बाळ आणि आत्ती. सासूबाईंना मी आत्ती म्हणते.

दिवाळीच्या आधी 14 आठवड्यांचं इंजेक्शन होतं. दवाखान्याचं नाव सांगणार नाही. इंजेक्शन झालं, बाळ किंचाळत होतं आणि मी बघत उभी होते, आत्तींनीच तिला उचललं. मी सिस्टरला हळूच विचारलं, "झोपेची गोळी मिळेल काय?" मदत मागायला म्हणून मी गेले नव्हते हो, गोळी मागायला गेले होते. सिस्टर नुसतं कन्नडमध्ये म्हणाली, "एनातव्वा?", म्हणजे काय झालं गे, आणि मला जे रडू फुटलं ते थांबेना. "अळब्याडवा, अळब्याडवा", रडू नको, म्हणत तिनं आतल्या खोलीत नेलं. तिथं एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या, बंगळूरकडच्या, मराठी अजिबात येत नव्हतं. त्यांनी कागद पुढं केला, दहा प्रश्न, प्रत्येकाला चार उत्तरं, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं त्याची. सगळं कन्नडमध्ये. मी मराठी शाळेतली, माझं कन्नड बसच्या पाटीइतकं आणि बाजारात भाव करण्याइतकं. आत्तींचं माहेर बैलहोंगलकडचं, त्यांना चांगलं येतं. मॅडमनी त्यांनाच आत बोलावलं.

म्हणजे बघा, जे मी आत्तींपासून लपवत होते ते मला आत्तींच्याच तोंडून विचारलं जाणार होतं.

"हसू येतंय काय म्हणून विचारतायत." येतंय म्हटलं. "चूक नसताना स्वतःला बोल लावून घेतीस काय." हे त्यांनी हळू सांगितलं, माझ्याकडं बघत. मी कधीकधी म्हटलं. असं करत दहावा प्रश्न आला. मॅडमनी वाचला, आत्ती गप्प. मॅडमनी परत वाचला. आत्तींनी बाळाच्या टोपऱ्याची नाडी सोडली, परत बांधली, आणि मग म्हणाल्या, "जीवाचं कायतरी करून घ्यावं असं येतंय काय मनात, म्हणतायत."

मी म्हटलं, "न्हाई."

त्या थोडा वेळ बसल्या. मग मॅडमना कन्नडमध्ये काहीतरी बोलल्या, भराभर, मला नाही कळलं. उठल्या. "मी पाणी घेऊन येतो गे," म्हणाल्या आणि बाळाला घेऊन बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. पाण्याची बाटली माझ्या पायाजवळच्या पिशवीत होती. भरलेली.

मॅडमनी पेन ठेवलं आणि दहाव्याची चार उत्तरं बोटानं एकेक दाखवत वाचली. केलवोम्मे म्हणजे कधीकधी, एवढं मला येत होतं. मी त्यावर बोट ठेवलं. मग आधीची उत्तरं पण बदलली, सगळी.

19 मार्क झाले, 30 पैकी. ही प्रश्नावली 1987 मध्ये एडिंबरोत तयार झालेली. मॅडमनी मराठी येणाऱ्या एका डॉक्टरना बोलावलं, त्यांनी सांगितलं की 13 किंवा जास्त आले की नीट तपासतात, आणि दहाव्याला नुसतं कधीकधी आलं तरी बेरीज न बघता थांबवून घेतात. थायरॉईड आणि रक्त तपासलं, मग सर्ट्रालिन म्हणून नैराश्यावरची गोळी सुरू केली. "दूध पाजत गोळ्या खाल्ल्या?" म्हणणाऱ्यांना सांगते, हे मी तेव्हाच विचारलं होतं. दुधात फार कमी उतरते, पाजणं बंद करू नका म्हणाले. झोप लागायला तीनेक आठवडे गेले. गोळी दहा महिन्यांनी, हळूहळू कमी करत डॉक्टरनीच थांबवली. नवऱ्यानं त्या दिवशी घरी आल्यावर पहिलं विचारलं, "धारवाडला न्यावं लागणार काय?" आमच्याकडं मनाचा डॉक्टर म्हटलं की धारवाडच, त्याला तरी दुसरं काय माहीत. तेव्हा 14416 नव्हता, मनाच्या त्रासासाठीचा तो सरकारी फोन नंबर, टेलिमानस, 2022 मध्ये सुरू झाला, तिथं भाषा निवडता येते. मला मराठीत कोणी आधी विचारलं असतं तर मी खरं बोलले असते काय? आपल्या भाषेत खोटं बोलणं पण सोपं असतं, त्यामुळं काय सांगता येत नाही.

आता तुमचा प्रश्न. पहिली काही वर्षं मी सगळ्यांना ठासून सांगायचे, हार्मोनमुळं झालं, घरात कोणी काही केलं नाही. ते पूर्ण खरं नाही. बारशाला आत्ती पाळण्यात वाकून म्हणाल्या होत्या, "पहिली लक्ष्मी. असू दे." ते "असू दे" मी महिनोन् महिने उगाळलं. त्या हळिवाची खीर करून पुढं ठेवायच्या आणि मला वाटायचं, बाळाच्या दुधासाठी चाललंय, माझ्यासाठी नाही. मग हा त्रास झाला काय? "असू दे" म्हणणाऱ्या पण त्याच आणि दार ओढून घेणाऱ्या पण त्याच. त्यातली एकच सासू उचलून तुम्हाला देऊ काय? मला ते जमत नाही.

एकदा विचारलं होतं त्यांना, मुद्दाम बाहेर गेला होता काय म्हणून. "कधीचं काय काढतीस गे, तहान लागली होती," म्हणाल्या आणि भाकरी थापत राहिल्या. मॅडमना कन्नडमध्ये काय बोललात, ते विचारायचं धाडस झालं नाही.

आणि आईला मी दवाखान्यातलं अजून काहीच सांगितलेलं नाही. तिला वाटतं ती थायरॉईडची गोळी होती. ह्या दिवाळीला खानापूरला गेले की सांगणार म्हणते. मागच्या दिवाळीला पण हेच म्हणत होते.