स्वस्त फोनचे आयुष्य

गेल्या ऑक्टोबरमध्ये दिंडोरी तालुक्यातील आमच्या दाजींच्या द्राक्षबागेत गेलो होतो. छाटणीनंतर नेमका पाऊस झाला होता आणि डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या धास्तीने दाजी सकाळपासून पान न् पान उलटून पाहत होते. एका पानावर वरच्या अंगाला तेलकट, पिवळसर डाग दिसला. खालच्या अंगाला दिसणारी पांढरी छटा बुरशीची आहे की फवारणीचे औषध वाळून राहिले आहे, हे सल्लागारांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून विचारायचे होते. दाजींच्या फोनला मागे चार कॅमेरे आहेत. त्यांपैकी जवळचे टिपण्यासाठी म्हणून दिलेल्या दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने त्यांनी तीन फोटो काढले आणि तिन्ही धूसर आले. शेवटी मागे एकच कॅमेरा असलेल्या माझ्या फोनने फोटो काढून पाठवला, तेव्हा दहा मिनिटांत उत्तर आले की फवारणी आजच घ्या.

माझा फोन म्हणजे 2020 साली 42,500 रुपयांना बाजारात आलेला आयफोन एसई. तो हातात घेऊन दाजी म्हणाले, "अरे, या मोठ्या कंपन्यांनी आमच्यासारख्यांना परवडेल असा एखादा फोन काढला तर त्यांचे काय बिघडते?"

काही बिघडत नाही, त्यांनी तो काढलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मात्र किंमत उतरवताना फोनमधले नेमके काय कमी केले, यावर तो गिऱ्हाइकाच्या उपयोगाचा ठरतो की त्याच्या गळ्यात पडतो, हे अवलंबून असते.

2013 सालचे उदाहरण मला फार बोलके वाटते. त्या सप्टेंबरात ॲपलने एकाच दिवशी दोन फोन जाहीर केले: 5एस आणि प्लास्टिकच्या रंगीत पाठीचा 5सी. भारतात 5एस 53,500 रुपयांना आणि 5सी 41,900 रुपयांना आला. 5सीमध्ये आदल्या वर्षीची, 32 बिटांची ए6 चिप (म्हणजे फोनचा मेंदू) होती, तर 5एसमध्ये नवी, 64 बिटांची ए7. चार वर्षांनी, 2017 मध्ये, आयओएस या आयफोनच्या कार्यप्रणालीच्या 11 व्या आवृत्तीने 32 बिटांचे फोन वगळले आणि 5सी आयओएस 10 वरच थांबला. 5एसला मात्र 2018 ची आयओएस 12 सुद्धा मिळाली. ज्याने पैसे वाचावेत म्हणून 5सी घेतला, त्याचा फोन आधी म्हातारा झाला. प्लास्टिकच्या पाठीबद्दल माझी काहीच तक्रार नाही, कारण पाठ प्लास्टिकची असल्याने कोणाचे काम अडत नाही. चिप जुनी दिली, हे मात्र मला आजही खटकते.

2016 च्या पहिल्या एसईमध्ये ही चूक सुधारलेली दिसते. बाहेरून तो जुन्या 5एससारखा, चार इंची पडद्याचा होता, पण आत त्या वेळच्या 6एसचीच ए9 चिप होती. म्हणून दोन्ही फोन आयओएस 15 पर्यंत बरोबरीने चालले. माझ्या एसईमध्ये तेव्हाच्या महागड्या आयफोन 11 ची ए13 चिप आहे आणि त्याच्यावर 2025 ची आयओएस 26 चालते. मध्ये एकदा बॅटरी बदलली, एवढाच काय तो वरखर्च.

आपल्याच नाशिक जिल्ह्यात, येवल्यात, हा भेद कळणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पैठणी थोडी कमी किमतीची हवी असेल तर विणकर पदरावरचे मोर कमी करतो, काठ साधा ठेवतो, अंगभर बुट्ट्यांऐवजी मोजक्याच बुट्ट्या घेतो. पण रेशीम तेच असते आणि ती हातमागावरच विणलेली असते. यंत्रमागावरची सेमी पैठणी समोरून तितकीच भरगच्च दिसते, पण पदर उलटा केला की सुटे धागे दिसतात. येवल्याच्या साध्या पैठणीने येवल्याचे नाव कधी खाली आले नाही. म्हणून स्वस्त फोन काढला तर कंपनीची प्रतिष्ठा जाईल, हा युक्तिवाद मला पटत नाही. प्रतिष्ठेला धक्का बसतो तो सुट्या धाग्यांनी.

स्वस्तच हवा असेल तर मागच्या वर्षीचे मॉडेल उतरलेल्या किमतीत घ्यावे, असेही सुचवले जाते. ती सोय चांगली आहे, पण त्या फोनच्या अपडेटच्या वर्षांतले एखाददुसरे वर्ष दुकानाच्या काचेआडच सरलेले असते. गुगलने 2024 च्या पिक्सेल 8ए मध्ये पिक्सेल 8 चीच चिप दिली आणि सात वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले. मला हवा आहे तो नमुना हाच, जरी भारतातली त्याची 52,999 ही सुरुवातीची किंमत दाजींसारख्याला जडच होती.

आणि किमतीबाबतच मला खरी काळजी वाटते. ॲपलचा त्या त्या वेळचा स्वस्त फोन भारतात 2016 मध्ये 39,000, 2020 मध्ये 42,500 आणि 2022 मध्ये 43,900 रुपयांना आला. 2025 चा 16ई मात्र थेट 59,900 वर गेला. त्यात आयफोन 16 च्या कुळातलीच ए18 चिप आहे, कॅमेरा एकच आहे, चुंबकाने चिकटणारे चार्जिंग नाही, म्हणजे काटछाट अगदी योग्य ठिकाणी केली आहे. पण तेव्हाच्या 79,900 रुपयांच्या आयफोन 16 शेजारी ठेवल्यावरच जो स्वस्त वाटतो, तो द्राक्षबागायतदाराला किंवा सातपूर-अंबडच्या कारखान्यात नुकत्याच लागलेल्या मुलाला स्वस्त कसा वाटेल? मोबाईलवरचा जीएसटी एप्रिल 2020 मध्ये 12 वरून 18 टक्के झाला, तोही या किमतीत आहेच. तरी उडीचा मोठा भाग कंपनीचाच आहे. चाळीस हजारांच्या आसपासची ती जागा कंपनीने रिकामी सोडायला नको होती.

द्राक्षाचे पैसे हाती आले की दाजी नाशिकला येणार आहेत आणि आम्ही दोघे एम.जी. रोडला फोन बघायला जाणार आहोत. कॅमेरे किती हे विचारायचे नाही, आत कोणत्या वर्षाची चिप आहे आणि अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळणार हे आधी विचारायचे, असे आमचे ठरले आहे.