‘व्हॉल्यूम’ची चौकट : परकीय चलनाचे सौदे शिकताना आलेला माझा अनुभव

खातं उघडणं, कागदपत्रं चढवणं, ओळख पटवणं हे सगळं दोन दिवसांत उरकलं. गाडी अडली ती पुढं, ऑर्डर टाकायच्या खिडकीत, ‘व्हॉल्यूम’ लिहिलेल्या एका छोट्या चौकटीपाशी. माझा अजूनही राग आहे तो तिच्यावरच. परकीय चलनात नवशिक्याचे पैसे बुडतात त्याचं खापर अंदाज चुकण्यावर फोडलं जातं. अंदाज तर मुरलेल्यांचेही चुकतात. खातं रिकामं होतं ते या चौकटीत चुकीचा आकडा पडल्यामुळं.

चौकटीत आधीच १.०० भरून ठेवलेलं होतं. पाहणाऱ्याला वाटतं, एक म्हणजे कमीत कमी. प्रत्यक्षात तो एक स्टँडर्ड लॉट असतो, म्हणजे युरो-डॉलरसारख्या चलनांच्या जोडीतल्या पहिल्या चलनाचे १,००,००० एकक. युरो-डॉलरमध्ये एक पिप म्हणजे चौथ्या दशांशस्थानावरचा एक, भाव १.१००० वरून १.१००१ होणं. एका लॉटवर या एका पिपचे १० डॉलर होतात. खात्यात १,००० डॉलर असतील आणि भाव ३० पिप उलटा गेला, तर ३०० डॉलर गेले. ३० पिपची हालचाल ही या जोडीत अगदी रोजची गोष्ट. ०.१० भरलं तर पिपला १ डॉलर, ०.०१ भरलं तर १० सेंट. नवशिक्याचा आकडा हा शेवटचा, ०.०१ च्या पटीतला.

मदतीच्या पानावर याबद्दल ‘आकारमान लॉटमध्ये भरावे’ एवढंच लिहिलेलं होतं. किती भरावं, ते कशावरून ठरवावं, यावर एक शब्द नाही. म्हणून तो हिशोब इथं पूर्ण मांडतो.

आधी ठरवायचं की एका सौद्यात जास्तीत जास्त किती गमवायचं. मी खात्याच्या १ टक्क्यावर ठाम आहे. हजार डॉलरवर १० डॉलर. मग चार्ट पाहून ठरवायचं की भाव कुठं गेला तर आपला अंदाज चुकला असं मानायचं. तिथं स्टॉप लॉस, म्हणजे भाव तिथवर आला की सौदा आपोआप बंद करणारी ऑर्डर. समजा तो २५ पिप लांब आहे. १० भागिले २५ म्हणजे पिपमागे ४० सेंट. ०.०१ लॉटला पिपमागे १० सेंट, म्हणून चौकटीत ०.०४. स्टॉप ५० पिपवर ठेवावा लागत असेल तर ०.०२. क्रम हाच ठेवायचा : आधी स्टॉपची जागा, मग लॉट. बरेचजण उलटं करतात. लॉट आधी मोठा धरतात आणि तोटा आवाक्यात दिसावा म्हणून स्टॉप जवळ ओढतात. असा स्टॉप बाजाराच्या साध्या चुळबुळीतच उडतो, आणि मग भाव आपल्याच दिशेनं निघून जातो.

टक्का एवढा कमी का, तेही पाहून ठेवा. सलग दहा सौदे तोट्यात जाणं मुळीच दुर्मीळ नाही. दर वेळी शिल्लक रकमेच्या १ टक्का गमावला तर दहा तोट्यांनंतर खात्यात साधारण ९०.४ टक्के उरतात. दर वेळी १० टक्के गमावले तर ३५ सुद्धा उरत नाहीत, आणि तिथून मूळ रकमेवर यायला उरलेले पैसे जवळपास तिप्पट करावे लागतात.

या हिशोबात लिव्हरेज, म्हणजे खात्यातल्या रकमेच्या कितीतरी पट मोठा सौदा करू देणारी सवलत, कुठंच आलं नाही, हे लक्षात घ्या. मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट हीच. ०.०४ लॉट म्हणजे ४,००० युरो. भाव १.१० असेल तर ४,४०० डॉलरचा सौदा. लिव्हरेज १:३० असेल तर त्यासाठी सुमारे १४७ डॉलर मार्जिन म्हणून, म्हणजे सौद्याचं तारण म्हणून, अडकतात, १:१०० ला ४४, १:५०० ला ८.८०. स्टॉप लागला तर तिन्हीकडं तोटा तोच, १० डॉलर. जास्त लिव्हरेजचा धोका वेगळा आहे. त्यामुळं चौकटीत मोठा आकडा भरला तरी ऑर्डर नाकारली जात नाही. कमी लिव्हरेज असतं तर ‘पुरेसं मार्जिन नाही’ म्हणून यंत्रणेनंच थांबवलं असतं. युरोपीय संघात २०१८ पासून सामान्य ग्राहकाला प्रमुख जोड्यांवर १:३० च्या वर लिव्हरेज देता येत नाही. नियम नसला तरी खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ते स्वतःहून कमी करून घ्या.

दुसरी अडचण त्याच खिडकीत, स्टॉप लॉसच्या रकान्यात. हल्ली भाव पाच दशांशांपर्यंत दाखवतात, १.१००००. शेवटचा अंक हा पिपचा दहावा भाग, त्याला पॉइंट म्हणतात. काही ठिकाणी स्टॉपचं अंतर पॉइंटमध्ये भरावं लागतं. पिप समजून २५ भरलं की अंतर राहतं फक्त अडीच पिप. मग एकतर ‘स्टॉप अवैध’ असा संदेश येतो, नाहीतर ऑर्डर लागते आणि काही क्षणांत स्टॉपही लागतो. २५ पिपसाठी २५० भरायचं. मी तर अंतराच्या भानगडीत न पडता थेट भावच टाइप करतो. १.१०००० ला खरेदी असेल तर १.०९७५०. वाचून खात्री करता येते.

येनच्या जोड्यांत पिप दुसऱ्या दशांशावर असतो आणि त्याची किंमत येनमध्ये निघते. डॉलर-येनमध्ये ०.०१ लॉटचा एक पिप म्हणजे १० येन. भाव १५० असेल तर साधारण ६.७ सेंट. वरच्याच १० डॉलर आणि २५ पिपच्या हिशोबाला इथं ०.०४ नाही, ०.०६ येतं. युरो-पाउंडमध्ये पिपची किंमत पाउंडात निघते. पाउंड १.२५ डॉलरला असेल तर ०.०१ लॉटला १२.५ सेंट, आणि उत्तर येतं ०.०३२. इथं ०.०३ भरायचं. अपूर्णांक आला की नेहमी खालीच उतरायचं.

हिशोब बरोबर आहे का, याची खात्री डेमोवर, म्हणजे खेळातल्या पैशाच्या सराव खात्यावर, पाच मिनिटांत होते. युरो-डॉलरमध्ये ०.०१ चा सौदा उघडा आणि नफा-तोट्याच्या रकान्याकडं बघत बसा. उघडल्या उघडल्या तिथं उणे आकडा दिसेल. तो स्प्रेड, म्हणजे खरेदीच्या आणि विक्रीच्या भावातला फरक. स्प्रेड १.२ पिप असेल तर उणे ०.१२. मग भाव एक पिप हलला की रकाना ०.१० नं हलायला हवा. तो दुसऱ्याच आकड्यानं हलला तर काहीतरी वेगळं आहे. खातं सेंटमध्ये मोजलं जात असेल, किंवा लॉटचं आकारमान निराळं असेल. त्या जोडीच्या तपशिलात ‘कॉन्ट्रॅक्ट साइझ’ दिलेला असतो, तो पाहा. सोन्यासारख्या वस्तूंना तर वरचे पिपचे आकडे लागूच होत नाहीत.

डेमोवरून आठवलं. डेमो खात्यात शक्यतो तेवढीच रक्कम ठेवा जेवढी खरोखर घालणार आहात. लाखाच्या खेळातल्या पैशावर लागलेली सवय हजाराच्या खात्याला सोसत नाही. शिवाय डेमोवर ऑर्डर बहुतेक वेळा मागितल्या भावाला लागते. खऱ्या बाजारात बातमीच्या वेळी ती घसरून, म्हणजे मागितल्यापेक्षा वेगळ्या भावाला, लागते. अमेरिकेचे रोजगाराचे आकडे सहसा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी येतात. त्याआधी हात बाजूला ठेवणं उत्तम.

आणखी एक प्रश्न अनेकांना पडतो : चार्टवर भाव स्टॉपपर्यंत गेलाच नाही, मग स्टॉप लागला कसा? चार्ट सहसा बिडचा, म्हणजे आपल्याला विकताना मिळणाऱ्या भावाचा, असतो. विक्रीचा सौदा बंद होतो तो परत खरेदी करून, आस्क म्हणजे खरेदीच्या भावाला, स्प्रेडइतका वर. न्यूयॉर्कच्या संध्याकाळी ५ वाजता बँकांचा दिवस बदलतो. तेव्हा काही मिनिटं स्प्रेड एरवीच्या कितीतरी पट फाकतो, आणि विक्रीचे जवळचे स्टॉप तिथं उडतात. चार्टच्या सेटिंगमध्ये आस्कची रेघ चालू करा आणि विक्रीच्या स्टॉपमध्ये स्प्रेडचं अंतर धरा.

त्याच ५ वाजता स्वॅप लागतो, म्हणजे दोन चलनांच्या व्याजदरांतल्या फरकाचं देणं-घेणं. बहुतेक जोड्यांत बुधवारी तो तिप्पट असतो, कारण व्यवहार दोन कामकाजी दिवसांनी पुरा होतो आणि शनिवार-रविवारही त्यात मोजले जातात. सौदा आठवडाभर ठेवायचा असेल तर हा आकडा आधी पाहा.

स्टॉप म्हणजे हमी नव्हे. १५ जानेवारी २०१५ ला स्विस राष्ट्रीय बँकेनं युरोमागे १.२० फ्रँकची मर्यादा अचानक उठवली आणि भाव काही मिनिटांत १ च्या खाली गेला. मध्ये खरेदीदारच नव्हते, त्यामुळं १.१९ वर लावलेले स्टॉप कितीतरी खाली लागले आणि कित्येक खाती शून्याच्याही खाली गेली. खात्याला उणे शिलकीपासून संरक्षण आहे का, हे करारात वाचूनच पुढं जा. शुक्रवारी बाजार बंद होताना सौदा उघडा ठेवला तर हाच प्रकार लहान प्रमाणात सोमवारी होऊ शकतो.

युरो-डॉलर आणि पाउंड-डॉलर दोन्ही एकाच वेळी खरेदी केले तर बहुधा तो डॉलर विकण्याचा एकच मोठा सौदा ठरतो. १ टक्का दोघांत वाटून घ्या.

खरं तर सुरुवातीलाच लिहायला हवं होतं ते राहिलं. आपल्या देशाच्या कायद्यात असे सौदे कुठं आणि कोणत्या जोड्यांत करता येतात, ते आधी तपासा. ब्रोकरचं नाव नियामक संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर शोधा, ब्रोकरनं दिलेल्या दुव्यावरून नव्हे. नाव, पत्ता आणि संकेतस्थळ तिन्ही जुळले पाहिजेत, कारण नोंदणीकृत कंपनीचं नाव उचलून चालवलेली बनावट दुकानं असतात. पहिली रक्कम घातल्यावर सौदा न करताच थोडे पैसे परत काढून बघा. ते ज्या खात्यातून आले तिथंच आणि त्याच नावावर परत जातात, त्यामुळं बँकेतल्या नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर ते तेव्हाच उघड होतं. पैसे हातात येईपर्यंत उरलेली रक्कम घालू नका, आणि ती घातल्यावरही पहिले दोन महिने चौकटीत ०.०१ च ठेवा.