बंदूक, परवाना आणि कातडीचा रंग

खानापूर तालुक्यात जंगलाला लागून असलेल्या गावांत रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी काही शेतकऱ्यांकडे परवान्याची बंदूक असते आणि निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. परवाना देणे न देणे अधिकाऱ्याच्या हाती, हे आपण गृहीतच धरले आहे. अमेरिकेत मात्र १७९१ पासून शस्त्र बाळगणे हा घटनेतला हक्क आहे. तरी तो नेमका कोणाचा, या प्रश्नात वंश सतत डोकावत आला आहे.

१८५७ मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी लढवलेल्या खटल्यात अमेरिकेचे सरन्यायाधीश टॉनी यांनी कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारताना, ते दिल्यास ही माणसे जातील तिथे शस्त्र बाळगू शकतील, अशी भीती निकालपत्रातच नोंदवली. गुलामगिरी संपली त्याच वर्षी, १८६५ मध्ये, मिसिसिपी राज्याने मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना परवान्याशिवाय बंदूक बाळगण्यास मनाई केली. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीनंतर असा उघड भेद कायद्यात लिहिणे कठीण झाले, तेव्हा तेच काम अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोपवण्याची सोय निघाली. १९५६ मध्ये माँटगोमेरीत घरावर बाँब पडल्यानंतर मार्टिन ल्यूथर किंग यांनी पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला, तो नामंजूर झाला. ज्याच्या ओसरीवर बाँब फुटला त्याच्याजवळ सबळ कारण नव्हते, तर मग ते कोणाजवळ असावे?

आपल्याला हा प्रकार परका नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याच्या अंमलात हिंदी माणसाला परवाना सक्तीचा होता आणि युरोपियनांना त्यातून सूट होती. (कर्नाटकातल्या कोडगूच्या कोडवा समाजाला त्याच काळापासून मिळालेली परवान्यातली सवलत आजही टिकून आहे.)

म्हणूनच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा ब्रूएन निकाल, ज्याने न्यूयॉर्क राज्याची मर्जीवर चालणारी परवाना पद्धत रद्द केली, मला अडचणीत टाकतो. बंदुकांचा सुळसुळाट मला मान्य नाही; पण ही पद्धत रद्द व्हावी, असे न्यायालयाला सांगणाऱ्यांत गरीब आरोपींची बाजू मांडणारे कृष्णवर्णीय वकीलही होते, कारण विनापरवाना बंदुकीच्या गुन्ह्यात त्यांच्याच वस्तीतली पोरे तुरुंगात जात होती. परवाना हाती असूनही सारे संपत नाही. २०१६ मध्ये मिनेसोटात फिलँडो कॅस्टाइल या कृष्णवर्णीयाने गाडी अडवणाऱ्या पोलिसाला आपल्याजवळ बंदूक असल्याचे स्वतःहून सांगितले. तिचा परवानाही त्याच्याकडे होता. काही क्षणांत पोलिसाने त्याला गोळ्या घातल्या आणि पुढच्या वर्षी तो पोलीस निर्दोष सुटला.