तुम्ही विचारलंत म्हणून: विल्सननं भलं केलं की वाटोळं?

"मावशी, डग विल्सननं शार्क्सचं भलं केलं की वाटोळं?" भाचा विचारतो, ऑफिसात विचारतात, मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेतसुद्धा कुणीतरी विचारतंच. सॅन होजेत वीस वर्षं राहून बर्फावरची हॉकी बघणाऱ्या मराठी बायका फार नाहीत, म्हणून असेल. शार्क्स म्हणजे एनएचएल या लीगमधली सॅन होजेची टीम, आणि विल्सन २००३ ते २०२२ तिचा जीएम, म्हणजे खेळाडू घेणारा-सोडणारा मॅनेजर. विचारणाऱ्याचं उत्तर तयारच असतं, त्याला फक्त माझ्या तोंडून "वाटोळं" ऐकायचं असतं. तसं मी इतक्यात म्हणणार नाही.

२००३ ते २०१९ या काळात पंधरा मोसम झाले, त्यातल्या चौदांत शार्क्स प्लेऑफमध्ये, म्हणजे स्टॅन्ली कपच्या बाद फेऱ्यांत, होते. हे तुम्हाला माहीत आहे, तरी तुम्ही ते "हो, पण कप कुठाय?" म्हणून उडवून लावता. कप नाही. २०१६ ला फायनलला गेलो, पिट्सबर्गनं सहाव्या मॅचला आपल्याच घरात येऊन हरवलं. मान्य. पण ३० नोव्हेंबर २००५ ला तीन खेळाडू देऊन जो थॉर्नटन आणला, तो कुणी? त्याच मोसमात थॉर्नटन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि २००३ च्या ड्राफ्टमध्ये (टीम आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तो), बाकीचे जीएम सामान आवरायला लागले असतील अशा वेळी, २०५ व्या नंबरवर जो पॅव्हेल्स्की कुणी उचलला? माझा भाचा २०२० नंतर मॅच बघायला लागला. त्यानं फक्त हरणारे शार्क्स पाहिलेत, त्याला विल्सन म्हणजे घर गहाण टाकून गेलेला काका वाटतो.

२०१४ बद्दल बोलत नाही. लॉस एंजेलिसविरुद्ध सात मॅचची सिरीज ३-० नं पुढे असून घालवली, मग थॉर्नटनची कॅप्टनशिप काढून घेतली, आणि पुढचा अख्खा मोसम टीमला कॅप्टनच नव्हता. तो पोरकटपणा होता. झालं, पुढे चला.

खरं दुखणं २०१९ चं. आणि त्यात मीही आहे.

२३ एप्रिल, प्लेऑफमध्ये वेगासविरुद्ध सातवी, निकालाची मॅच. लेकीच्या वाढदिवसाचं गिफ्ट म्हणून वरच्या मजल्याची दोन तिकिटं काढली होती. तिच्या अंगात आठ नंबरची जर्सी, पॅव्हेल्स्कीची, दोन साइझ मोठी, म्हणजे पुरेल. तिसऱ्या पिरियडमध्ये ३-० नं मागे पडलो. पुढच्या रांगेतला माणूस उठून निघून गेला, जाताना अर्धा नाचोचा डबा खुर्चीतच ठेवून. मग एक फेसऑफ, म्हणजे दोघांच्या मध्ये पक टाकून खेळ सुरू करणं. पॅव्हेल्स्कीला धक्का बसला, तोल गेला, दुसरा खेळाडू आडवा आला आणि त्याचं डोकं बर्फावर आपटलं. हेल्मेट असूनही तो आवाज आपल्याला आला असं लेक अजून सांगते. इतक्या वरून येणं शक्य नाही, पण मी वाद घालत नाही. बर्फावर रक्त पसरलं. सतरा हजार माणसं गप्प. त्याला धरून आत नेलं, आणि दोन माणसं फावड्यानं लाल बर्फ खरवडत राहिली.

धक्का देणाऱ्या वेगासच्या ईकिनला पाच मिनिटांची पेनल्टी मिळाली, म्हणजे तेवढा वेळ वेगासचा एक खेळाडू कमी. ती इतकी मोठी द्यायला नको होती. हे मी शार्क्सची असून म्हणते. त्याच उन्हाळ्यात लीगनं अशा पेनल्ट्या व्हिडिओवर तपासण्याचा नियम केला. पण तेव्हा कुणाला काय पडलं होतं! कुटूर, हर्टल, पुन्हा कुटूर, लाबँक. चार मिनिटं एका सेकंदात चार गोल. अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. माझा चष्मा कुठे गेला ते मला लाबँकच्या गोलनंतर कळलं. वेगासनं शेवटच्या मिनिटात बरोबरी केली, मग ओव्हरटाइममध्ये गुडरोनं संपवलं. पॅव्हेल्स्की पुढच्या सिरीजमध्ये सहा मॅच बाहेर होता, सातव्या मॅचला आला आणि पहिला गोल त्यानंच मारला.

आणि १ जुलैला तो डॅलसला गेला. तीन वर्षं, वर्षाला सत्तर लाख डॉलर.

कारण दोन आठवड्यांपूर्वी विल्सननं एरिक कार्लसन या स्टार बचावपटूला आठ वर्षांसाठी वर्षाला १ कोटी १५ लाख दिले होते. कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगारांची मर्यादा, होती ८ कोटी १५ लाखांची. कार्लसन, बर्न्स, कुटूर, व्लासिक, केन, जोन्स, हर्टल, या सात जणांतच सव्वापाच कोटींच्या वर गेले. हातचं सोडून पळत्याच्या पाठी, असं तुम्ही आज म्हणता. तेव्हा ग्रुपवर मी काय लिहिलं होतं, तेही तुम्ही दर १ जुलैला मला न चुकता फॉरवर्ड करता: "कार्लसन रोज मिळत नाही. पॅव्हेल्स्की पस्तिशीला आला. भावनेवर टीम चालत नाही." खाली अंगठा.

ते लिहिणाऱ्या त्या बाईला, तेव्हाच्या मला, मी आज काय सांगू? बाई, तू मॅचला होतीस ना? ती म्हणेल, म्हणूनच तर, त्या रात्रीची भुरळ पडू नये म्हणून मी आकडे बघितले. आणि आकडे खोटे नव्हते. चुकीचे होते एवढंच. पुढच्या मोसमात आपण पश्चिमेत शेवटचे. पॅव्हेल्स्की डॅलसकडून कपच्या फायनलमध्ये. आपली ड्राफ्टमधली पहिली निवड कार्लसनला आणायच्या बदल्यात आधीच ओटावाला गेलेली, ती तिसऱ्या नंबरची निघाली. २०२२ च्या एप्रिलमध्ये विल्सननं पद सोडलं, त्याआधी काही महिने तो तब्येतीमुळे रजेवरच होता. तेव्हा मला हळहळ वाटली. हेही तुम्हाला पटत नाही.

फ्रीजवर एका लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूला ते सात पगार लिहिलेत. त्यात पॅव्हेल्स्कीचे सत्तर लाख बसवायला मी दर वेळी वेगळं नाव खोडते. जोन्सचं खोडलं तर गोलात कोण उभं राहणार? व्लासिकचं खोडलं की लेक चिडते. परवा कार्लसनचंच खोडलं. मग त्याचा २०२२-२३ चा मोसम आठवला, त्या मोडक्या टीममध्ये गोल आणि गोलला दिलेले पास मिळून १०१ पॉइंट, आणि पेन बाजूला ठेवून भेंडी चिरायला घेतली.