रेल्वेवर आमचं चालत नाही

बुधवारी सकाळी पंचवीस मिनिटं रेल्वे फाटकापाशी उभी होते. आयोवातलं आमचं गाव ते केवढं, ऑफिस पलीकडे चार मिनिटांवर, आणि मध्ये इथेनॉलच्या काळ्या टाक्यांची मालगाडी. सरळ निघून गेली असती तर मी अवाक्षर काढलं नसतं. पण तिचं चाललं होतं शंटिंग. शेवटची टाकी दिसली, मी ब्रेकवरचा पाय सैल करणार, तोवर गाडी थांबली आणि सगळी वरात उलटी परत! भरलेल्या ओढायच्या, रिकाम्या कारखान्याच्या सायडिंगला ढकलायच्या, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. घंटा आपली टणटणतेच आहे.

दौंडला एव्हाना निम्म्या लोकांनी सायकली आडव्या करून फाटकाखालून काढल्या असत्या आणि उरलेल्यांनी गेटमनच्या घराण्याचा उद्धार केला असता. इथे गेटमनच नाही. माझ्या मागे अकरा गाड्या, एकही हॉर्न नाही. हे कौतुकाचं की बावळटपणाचं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी पोलिसांना फोन लावला. (तातडीच्या नव्हे, साध्या नंबरवर. तेवढं इथलं वळण लागलंय.) बाई गोड आवाजात म्हणाल्या, "रेल्वेवर आमचं चालत नाही." मला वाटलं, टोलवताहेत. संध्याकाळी शोधलं तर खरंच की! फाटक किती वेळ अडवावं यावर केंद्राची मर्यादाच नाही, आणि राज्याने घातली तर टिकत नाही. ओहायोत पाच मिनिटांचा नियम होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो २०२२ मध्ये मोडीत काढला, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण ऐकायलाही नकार दिला. माझी गाडी पार्किंगमध्ये दहा मिनिटं जास्त राहिली की काचेवर चिठ्ठी. यांना मात्र रान मोकळं.

पण मी चिडावं, हेही जरा अतीच. अण्णांनी तीस वर्षं दौंड यार्डात हेच शंटिंग केलं.

तर सकाळी फाटकापाशी उभी असताना कंडक्टर, म्हणजे इथला मालगाडीचे डबे जोडणारा माणूस, माझ्या खिडकीसमोरच आला. टाकीच्या शिडीला एका हाताने लटकलेला, दुसऱ्या हातात रेडिओ. "पाच... तीन... दोन... एक... बस." धाडकन आवाज, कपलर (डबे जोडणारा आकडा) आपोआप मिटला. तरी तो लगेच मध्ये शिरला नाही. रेडिओवर म्हणाला, "थ्री स्टेप." म्हणजे ड्रायव्हरने ब्रेक लावायचे, रिव्हर्सर, म्हणजे पुढे-मागे जाण्याचा दांडा, मध्यावर आणायचा, आणि जनरेटर फील्ड बंद करायचं, म्हणजे इंजिनाची ओढच बंद. पलीकडून तसं उत्तर आलं, तेव्हाच हा वाकून हवेचे पाइप जोडायला गेला.

इथे आपोआप जुळणारे कपलर १८९३ च्या कायद्याने सक्तीचे झाले, कारण त्याआधी डबे जोडायला हाताने खिळे घालताना माणसांची बोटं जायची. आपल्या मालगाड्यांनाही आता तसलेच कपलर आहेत, उगाच कुणी नाक मुरडू नये. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये बरौनीला इंजिन आणि डब्याच्या मध्ये पॉइंट्समन (शंटिंगचा कर्मचारी) चिरडून गेला, ती बातमी अण्णांनी दोनदा वाचून दाखवली होती.

म्हणून त्यांनाच व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळचा चहा चालला होता.

"रेडिओवर सांगतो आणि आत शिरतो?" अण्णा म्हणाले. "इंजिन उभंय ते आपल्या डोळ्यांनी बघावं. आम्ही बत्ती दाखवायचो, आणि बफरखालून वाकून शिरायचं, वाकूनच निघायचं."

"ड्रायव्हर उलट सांगतो ना, अण्णा, ब्रेक लावला म्हणून."

"बरं. त्याचा जोडीदार कुठाय?"

"एकटाच आहे. खाली हा, वर ड्रायव्हर."

"सांधा पण हाच बदलतो?"

"हो."

अण्णांनी कप खाली ठेवला. "मग त्याला वेळ लागणारच की गं. हॉर्न वाजवू नकोस हां."

वाजवला नव्हता. पोलिसांना फोन केल्याचं मात्र सांगितलं नाही.