भुताला चकवणारी नावं

परदेशी नावं देवनागरीत उतरवणं हे माझं रोजचं काम. उच्चार शोधायचा, ऱ्हस्व-दीर्घ ठरवायचं, पुढं सरकायचं. अर्थाच्या वाटेला मी सहसा जात नाही. एकदा एका मंगोलियन यादीत ‘नेरगुई’ असा शब्द आला. उच्चारासाठी शब्दकोश उघडला, तर अर्थ निघाला ‘नाव नाही’. म्हटलं, भरणाऱ्याला माहीत नसेल, म्हणून तसं लिहिलंय. मी शहाण्याने तो रकाना मोकळा ठेवून यादी पाठवूनही दिली!

नंतर कळलं, ते खरंखुरं नाव आहे. घरात आधीची मुलं दगावली असतील, तर पुढच्याचं नाव असं ठेवायचं की भुताखेतांना त्याचा माग लागू नये. म्हणून ‘एनेबिश’, म्हणजे ‘हा नव्हे’. ‘तेरबिश’, म्हणजे ‘तो नव्हे’. ‘खुनबिश’ तर ‘माणूसच नव्हे’! हे तिघं एका तंबूत बसलेत आणि दारात भूत उभं आहे, हे चित्र काही केल्या डोक्यातून जात नाही. न्यायचं तरी कुणाला बिचाऱ्याने? मी एकटाच हसत सुटलो, मग त्या आधीच्या मुलांची आठवण झाली आणि ओशाळलो.

नावाला हसण्यावरून आठवलं. झिम्बाब्वेचे पहिले राष्ट्राध्यक्ष कनान बनाना. त्यांच्या नावावर विनोद करायला तिथे 1982 मध्ये चक्क कायद्याने बंदी आली. आता अशा बंदीने हसू कमी होतं की वाढतं?

पण माझा जीव मंगोलियातच अडकलाय. तिथे साम्यवादी राजवटीत कुळनावं बंद झाली. ती पुन्हा लावा म्हणून सरकारने सांगितलं, तोवर कित्येकांना आपलं कुळ आठवेना. मग बऱ्याच जणांनी थेट चंगीझ खानाचं ‘बोर्जिगिन’ उचललं. कमी कशाला मागा! गुर्रागचा यांनी मात्र ‘सान्सार’ घेतलं. 1981 मध्ये अवकाशात गेलेले ते पहिले मंगोलियन, आणि सान्सार म्हणजे अंतराळ. शब्द मुळात आपलाच, संस्कृतातला ‘संसार’. आपण त्यात भांडीकुंडी मांडली, त्यांनी तारे.

हां, तर ती यादी. चूक कळल्यावर मी लगेच फोन लावला.

“एक नाव राहिलंय, लिहून घ्या. नेरगुई.”

“म्हणजे काय हो?”

“म्हणजे नाव नाही.”

“मग फोन कशाला केलात?”