विंदालूच्या पणजोबांच्या गावात

आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी मूळच्या पोर्तुगालच्या मदेरा बेटावरच्या. नाताळ आला की लिस्बनच्या या जुन्या इमारतीचा अख्खा जिना त्यांच्या लसणाने आणि वाइनने दरवळतो. डुकराचं मांस दोन-तीन दिवस वाइन, सिरका, ठेचलेला लसूण, तमालपत्र आणि मिठात मुरत घालायचं, मग तळायचं आणि त्याच चरबीत पावाचे काप परतायचे. याचं नाव कार्ने द विन्या दाल्योस. गोव्याच्या विंदालूचा आणि आमच्या वसईच्या इंद्यालचा पणजोबा.

पहिल्यांदा ताट समोर आलं तेव्हा मनात म्हटलं, एवढंच? जिरं नाही, मोहरी नाही, हळद नाही. मिरची या पोर्तुगीजांच्याच गलबतांतून आपल्याकडे आली आणि यांच्या ताटात ती औषधाला. वसई 1534 ते 1739 यांच्याकडे होती. शिकायला दोनशे वर्षं मिळाली होती की!

पण घास घेतला आणि गप्प बसले. मांस गाभ्यापर्यंत चवदार. आपण मसाल्यावर मसाला थापतो, तो बहुतेक वरच बसतो. आत उतरतं ते मीठ, आणि त्याला वेळ द्यावा लागतो. आजी मातीच्या भांड्याशिवाय मुरवत नाहीत. सिरका अॅल्युमिनियमला खातो, हे आमच्या आईलाही ठाऊक आहे, पण घाईच्या वेळी ती पातेलं घेतेच.

खरं अप्रूप मला त्या वासाचं वाटतं. उघड्या दारातून येणारा, कुणाचीही माफी न मागणारा वास. मुंबईत भाड्याच्या घरात पोर्क शिजवायचं म्हणजे खिडक्या बंद, उदबत्ती चालू. घर बघायला गेलं की आडनावाआधी 'नॉनव्हेज करता का?' आणि पोर्क म्हटल्यावर तर मांसाहारी शेजाऱ्यांचेही चेहरे बदलायचे. इथे खाटीक विचारतो, पाठीचं देऊ की पोटाचं, आणि वर शिजवायचं कसं तेही सांगतो. 'परत कधी येणार?' असं घरून विचारतात तेव्हा हे कारण मी सांगत नाही, पण यादीत आहे.

अर्थात यांचं नाकही सरळ नाही. उन्हाळ्यात मी आमच्या वसईकडच्या बॉटल मसाल्यासाठी मिरच्या भाजल्या, तर वरच्या मजल्यावरचे गृहस्थ खोकत दारात हजर. चरबीचा धूर चालतो, मिरचीचा नाही! सगळं भाजून-कुटून तपकिरी बाटलीत ठासून भरेपर्यंत मी खिडक्या बंदच ठेवल्या. हो, लिस्बनमध्येसुद्धा.

या नाताळला मी आजींच्या पद्धतीने दोन दिवस मुरवणार आणि शिजवताना बॉटल मसाला घालणार. आईला हे पटणार नाही, आजींना तर मुळीच नाही. आणि तो चरबीतला पाव कितीही खमंग असो, इंद्यालबरोबर आमच्याकडे फुगेच, म्हणजे आमचे तळलेले गोल पावच, होतील.